आबांचा होकार

हेमांगीचं काम तसं साधंच होतं. नवलच्या आजोबांच्या पाया पडायचं, लग्नानंतर धुळ्याच्या कॉलेजातली नोकरी चालू ठेवू का एवढं विचारायचं, आणि संध्याकाळच्या आत बस धरायची. साखरपुडा झाला होता. आजवर तासिकांवर शिकवणाऱ्या हेमांगीला पक्की नेमणूक मिळाली होती. नवलची ना नव्हती, त्याच्या वडिलांचीही नव्हती. पण सावद्याच्या त्या घरात या दोघांच्या होकाराला काही वजनच नव्हतं.

"आबा हो म्हणाले की झालं," गाडी चालवता चालवता नवल म्हणाला. "मळे, ट्रक, घर, सगळं अजून त्यांचंच. पप्पा साठीला आले, तरी आबांना विचारल्याशिवाय केळीचा एक घड विकत नाहीत."

"आणि तू?"

"मी? मी तर तुझा ड्रायव्हर."

ती हसली खरी, पण आतून जीव थाऱ्यावर नव्हता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा, आणि भर दुपारच्या उन्हात त्यांची वाळलेली पानं एकमेकांवर घासत होती. कुणीतरी कुजबुजत सोबत चालावं तसं. एक पान काचेवर आपटलं आणि ती केवढ्यानं दचकली! नवलला हसू आवरेना.

आबांची खोली घरात नव्हती. केळी पिकवायच्या थंड खोल्यांच्या मागे होती. "ऊन सोसत नाही त्यांना. चार वर्षं झाली, बाहेरच येत नाहीत," नवल म्हणाला. दाराशी त्यानं चपला काढल्या, तिलाही काढायला लावल्या. मग एक लहानसा घड उचलून तिच्या पाठीवर ठेवला, दुसरा स्वतःच्या.

"हे काय रे?"

"आबांपुढे रिकाम्या पाठीनं जात नाही कोणी. मान खाली ठेव. आणि त्यांच्याकडे बघू नकोस."

हेमांगीच्या मानेवर काटा आला. मागच्याच आठवड्यात तिनं वर्गात दक्षिण अमेरिकेतला इन्का सम्राट शिकवला होता. केवढाही मोठा सरदार असो, अनवाणी आणि पाठीवर ओझं घेऊनच सम्राटापुढे जायचा. सम्राट पडद्याआड बसायचा. अंगावरचं वस्त्र पुन्हा घालत नसे, ते जाळून टाकत. आणि मेल्यावरही त्याचा महाल, शेतं, नोकरचाकर त्याचेच राहत. गादीवर येणाऱ्याला त्यातलं काही मिळत नसे. वाळवलेल्या देहापुढे रोज जेवण मांडत. लग्नाला परवानगीसुद्धा त्यालाच विचारत, आणि शेजारी बसलेलं माणूस त्याच्या वतीनं उत्तर देई. "मॅडम, पेन्शनपण होती का त्याला?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं होतं, आणि सगळा वर्ग हसला होता. तीही.

दार उघडलं. गारवा अंगावर आला. पिकत्या केळ्यांचा गोड, जड वास, आणि त्याच्याखाली आणखी एक वास... कोरडा, कापरात गुंडाळून ठेवल्यासारखा. यंत्राची घरघर एकसारखी चालू होती. समोर पांढरा पडदा. पडद्यापुढे झाकलेलं ताट. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात राख, तिच्यात धोतराचा न जळलेला काठ.

पडद्याजवळ नवलची आत्या बसली होती. बेबाबाई, घरात सगळे तिला अक्का म्हणत. दोंडाईच्याला दिलेली, विधवा होऊन परत आलेली. ती पडद्याच्या फटीतून आत पंखा हलवत होती. एवढ्या गारठ्यात...

"ये व माय. काय इचारनं शे, इचार."

हेमांगीनं पाठीवरचा घड सावरला. "आबा... मी कॉलेजात शिकवते. लग्नानंतरही शिकवू का?"

अक्कानं पडद्याशी कान नेला. हेमांगीनं मान खालीच ठेवली होती, पण मान खाली असली तरी पडद्याखालून दिसतंच की. पावलं दिसली. जमिनीला न टेकलेली. काळी, आक्रसलेली, सुकलेल्या सालीसारखी. नखांना मात्र ताजं तेल लावलेलं.

ओरडू नये म्हणून तिनं ओठ चावला.

"आबा हो म्हंतस," अक्का म्हणाली.

नवलनं घड ताटापाशी ठेवला, हात जोडले आणि पाठ न दाखवता मागे मागे सरकत बाहेर गेला. हेमांगीही घड ठेवून निघाली, तोच अक्कानं तिचं मनगट धरलं.

"हो मी म्हननू, माय," ती कानाशी पुटपुटली. "आज पहिलांदाव आबा बोलनात. नही म्हननात..." मग ती एकदम थांबली. मोठ्यांची बोलणी खाताना मान कलते, तशी तिची मान पडद्याकडे कलली. "चुकनं आबा... चुकनं..." आणि हेमांगीला तिनं दाराकडे ढकललं. "पय, पोरी. पय."

डोकं दुखतंय एवढंच ती नवलला म्हणाली. त्यानं तिला स्टँडवर सोडलं, खिडकीतून पेढ्यांचा पुडा दिला. "बघ, आबांना आवडलीस तू!"

बस हलली तशी ती स्वतःला समजावू लागली. मेलेलं माणूस बोलत नसतं. एकट्या बाईच्या डोक्याचा खेळ, दुसरं काय? पण त्या घरात पाऊल टाकायचं नाही, हे नक्की. नोकरी आपली आहे, तिला आपला होकार पुरे. तिनं मोबाईलवर लिहिलं, 'नवल, मला हे लग्न करायचं नाही.' पाठवणार, तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"हेमा, अक्काची वाचा गेली गं. तू गेलीस आणि... तोंड हलतंय, आवाजच नाही."

"डॉक्टरांना बोलाव ना!"

"ऐक. आबांनी तुला परत बोलावलंय. नोकरी नको म्हणतात. आजच ये म्हणतात."

तिनं समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला. "नवल... अक्का बोलत नाहीये. मग आबांचं म्हणणं तुला कोणी सांगितलं?"

पलीकडे फक्त त्या गार खोलीतल्या यंत्राची घरघर.

"कोणी सांगावं लागलं नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. भीतीनं की आनंदानं, तिला कळेना. "आम्ही सगळ्यांनी ऐकलं, हेमा. चार वर्षांत पहिल्यांदाच."