गळपट्टीतला लाल टाका

त्या सकाळी मी फक्त इस्त्री करायला बसले होते. देवळीजवळच्या गढीवर दुपारी आमचं मंडळ भोसल्यांच्या काळातली चकमक उभी करणार होतं आणि कपडे माझ्याकडे होते. नागपूरहून परीक्षक येणार होते. नियम कडक होते. हातसुताचं कापड, हातशिलाई, पळसाच्या फुलांचा रंग. पॉलिस्टरचा एक धागा सापडला तरी मंडळ बाद.

आणि नेमक्या शेवटी मरणाऱ्या शिपायाच्या अंगरख्यात, गळपट्टीच्या आत, मला लाल पॉलिस्टरचा टाका दिसला. तो शिपाई माझा धाकटा भाऊ आदेश होणार होता.

टाका घातला होता मंडळाच्या म्हाताऱ्या प्रमुखांनी, प्रभाकररावांनी.

"काका, हे काय?"

"राहू दे तो. मरणाऱ्याच्या कपड्यात एक टाका खोटा ठेवाच लागते, पोरी."

"काऊन?"

"सगळंच खरं झालं, तर जो तवा खरंच मेला त्याले ते आपलंच वाटते."

"मग पोट्ट्यांचे चष्मे काऊन काढाले लावता?"

आदेश हसला. "ताई, भुताले पॉलिस्टरची ॲलर्जी हाये!"

"हासू नको, बाप्पा," प्रभाकरराव हळूच म्हणाले.

ते चहाला गेले आणि मी ब्लेडनं टाका उसवला. स्वतःची भीती परंपरा म्हणून आमच्या गळ्यात घालायची, ही यांची जुनी सवय.

दुपारी ऊन रटरटत होतं. ढोल, धूळ, फटाक्यांच्या दारूचा वास. ठरल्याप्रमाणे आदेश बुरजाखाली पडला. शिट्टी वाजली, सगळे हसत पाण्याकडे धावले. आदेश उठला नाही.

मी धावत गेले. त्याच्या अंगाला घामाचा वास नव्हता. ओल्या मातीचा होता, विहीर खोल खणताना येतो तसा. मी अंगरख्याचे बंद सोडले, अंगरखा काढला. त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मला कधी पाहिलंच नव्हतं. मी त्याचा टी-शर्ट पुढे केला. त्यानं तो उलटा केला आणि शिवणीवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिला.

"हे... कोणाच्या हातचं हाये?"

परीक्षकांना वाटलं, पोरगा अजून भूमिकेतच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला पहिला नंबर मिळाला.

तेव्हापासून तो आमच्या ओसरीत बसून असतो. पंखा लावला की दचकतो. मला एकदाही ताई म्हणाला नाही. आई म्हणते, ऊन लागलं. शेवटी मी प्रभाकररावांना फोन केला, टाका काढल्याचं सांगितलं.

"परत घालून पाह्य..." ते म्हणाले.

"आदेश बरा होईन ना?"

"मले नाई माहीत, पोरी. आजवर कोणी काढलाच नव्हता."

आज दिवेलागणीला लाइट गेली. मी दिवा जवळ ओढला, अंगरखा मांडीवर घेतला, सुईत लाल धागा ओवला. ओसरीत तो पाठमोरा बसला होता, अगदी स्थिर. कापड मात्र मांडीवर उबदार लागत होतं. मी गळपट्टीत सुई टोचली.

ओसरीतला हलला नाही. मांडीवरच्या कापडातून आवाज आला, अगदी बारीक...

"ताई... हळू ना. दुखते."