काळ्या टेपचा तुकडा

कवळी हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. तो दंतवैद्यांना कवळ्या करून द्यायचा, म्हणून बँडमधल्या मित्रांनी ते नाव चिकटवलं आणि ते जन्माचं चिकटलं. दिवसभर दुसऱ्यांचे दात बसवायचे आणि संध्याकाळी स्वतः दातओठ खात हेवी मेटल वाजवायचं, असा त्याचा तरुणपणीचा दिनक्रम. पुढे बँड मोडला, डोक्यावरचं रान विरळ झालं, पोट सुटलं. आणि अकरा वर्षांनी एके दिवशी ड्रमवाल्या ढोल्याचा फोन आला. ते ज्या हॉलमध्ये वाजवायचे तो पाडणार होते. रविवारी दुपारी तिथे शेवटचा कार्यक्रम होता आणि त्यात त्यांनी वाजवायचं होतं.

गिटार होती, पण तिचा आवाज मोठा करणारा अँप कधीच जळून गेला होता. म्हणून बुधवारी जेवण झाल्यावर कवळी वाद्यांच्या दुकानात गेला.

दुकान अरुंद होतं. खाली विटलेला गालिचा, भिंतीला टांगलेल्या गिटारी, मागच्या टेबलावरून येणारा वायरींच्या डाखकामाचा वास. म्हातारा दुकानदार चष्मा कपाळावर सरकवून एका उघड्या अँपच्या पोटात डोकावत होता.

"हाय गेन हवाय," कवळी म्हणाला. "मेटलसाठी. पण खिशाला झेपेल असा."

"सगळ्यांना तेच हवं असतं. आवाज राक्षसाचा आणि किंमत उंदराची," म्हातारा हसत म्हणाला. त्याने तीन अँप ओळीने मांडले. एक साधा ट्रान्झिस्टरचा, एक शंभर तऱ्हांचे आवाज काढणारा डिजिटल आणि एक ट्यूबचा, लहान चणीचा.

कवळीने पहिल्यावर वायर जोडली, आवाज फाडून जाड करणारं गेनचं बटण तीन चतुर्थांश फिरवलं आणि बँडचा जुनाच तुकडा वाजवला. चार ठोक्यांचा, तळहाताने तारा दाबून वाजवायचा. आवाज धारदार होता, थोडा पातळ. तारा दाबून तो थांबला. अँपमधून सूं सूं येत राहिली, ती हाय गेनला यायचीच. पण त्या सूंमध्ये काहीतरी ठोके देत होतं. एक, दोन, तीन, आणि चौथा किंचित उशिरा.

"वायरिंगचा आवाज असेल," म्हातारा म्हणाला. "गेन वाढवलात की तुम्ही न वाजवलेलंही ऐकू येतं."

दुसऱ्या अँपवरही तेच झालं. हा तर नवाकोरा, खोक्यातून नुकताच काढलेला. कवळीने तारांवर पूर्ण पंजा ठेवला होता, तरी आत कुणीतरी वाजवत होतं. एक, दोन, तीन, आणि चौथा उशिरा.

म्हाताऱ्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "हात कापतो का हो तुमचा?"

कवळीने हात पुढे धरून पाहिला. केसभर चूक झाली तर माणसाला घास चावता येत नाही, अशा कामात तीस वर्षं घासलेला हात तो. दगडासारखा स्थिर होता.

कापायचा तो धाकट्याचा.

धाकटा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ, बँडचा दुसरा गिटारवाला. दोघं एकच तुकडा एकदम वाजवायचे, म्हणूनच तो भिंतीसारखा जाड आवाज यायचा. शेवटच्या वर्षी धाकट्याच्या बोटांत कंप शिरला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पण घरात ते नाव कुणी उच्चारत नसे. चौथा ठोका मागे पडू लागला. नेमका तेव्हाच एका मोठ्या म्युझिक कंपनीचा माणूस त्यांना ऐकायला येणार होता. त्या दिवशी पडदा उघडायच्या आधी कवळीने धाकट्याच्या अँपचं बटण हळूच स्टँडबायवर ढकललं. स्टँडबायवर दिवा लाल होतो आणि आवाज बंद. दिवा दिसू नये म्हणून त्याने त्यावर काळ्या टेपचा तुकडा लावला. संशय नको म्हणून स्वतःच्याही दिव्यावर लावला आणि भावाला सांगितलं, "उजेड डोळ्यांवर येतो रे."

धाकटा जीव तोडून वाजवत राहिला. मोठ्याच्या आवाजात त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता. कार्यक्रम संपल्यावर घामाघूम होऊन त्याने विचारलं, "दादा, माझा आवाज आला ना नीट?"

कवळी वायर गुंडाळत होता. मान वर न करता तो म्हणाला, "एक नंबर वाजवलंस."

कंपनीच्या माणसाने पुन्हा फोन केला नाही. धाकट्याने पुन्हा गिटार हातात घेतली नाही. दोन वर्षांनी तो गेला. भावासाठी केलं, त्याचं हसं होऊ नये म्हणून केलं, असं कवळीने स्वतःला हजारदा समजावलं होतं. पण ते खोटं होतं, हे त्याला ठाऊक होतं. केलं ते स्वतःसाठी. आठवलं की आजही त्याच्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

"हा तिसरा घ्या," म्हातारा सांगत होता. "ट्यूबचा आहे, मेटलला भरपूर गेन आणि या किमतीत इतका जाड आवाज दुसरा कुणी देणार नाही. शिवाय यात गेट आहे. तुम्ही वाजवायचं थांबलात की आवाजाचं दार बंद. फक्त ते बटण फार पुढे नेऊ नका. हळू वाजवलेलंही त्यात मरतं."

कवळीने गेट शेवटपर्यंत फिरवला. वाजवून थांबला. दुकानात चिडीचूप झालं.

"हाच द्या," तो म्हणाला. आवाज कसा आहे ते त्याने नीट ऐकलंही नव्हतं. गप्प बसवणारा अँप त्याने निवडला होता. आपण दुसऱ्यांदा तेच करतो आहोत हे त्याला कळलं, आणि तरी त्याने तो उचलला.

सराव त्याने आपल्या कामाच्या खोलीतच केला. तिथे तीन भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, वरचा खालच्यावर ठेवलेले, प्रत्येकावर रोग्याचा नंबर. तो वाजवू लागला की सगळे जबडे कटकट थरथरायचे. त्याला हसू यायचं. असे श्रोते कुणाला मिळतात!

शुक्रवारी चार वाजता तो तुकडा संपवून थांबला. गेटने आवाज कापला. अँप गप्प झाला.

जबडे थांबले नाहीत.

तीन भिंतींवर दात दातांवर आपटत होते. हळू, सगळे एकदम. एक, दोन, तीन. आणि चौथा उशिरा.

कवळीने अँपची वायर भिंतीतून उपटली. ते वाजतच राहिले, पूर्ण तुकडाभर. मग जिथे धाकटा दम घ्यायचा तिथे थांबले.

"पुरे रे," तो पुटपुटला. त्याला भीती वाटली, पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. त्या शेकडो दातांसमोर त्याला मान वर करवेना.

रविवारी हॉल निम्मा भरला होता. खुर्च्या जुन्याच, भिंतींना ओल. पडद्यामागे तो वायरी जोडत असताना भावजय आली. धाकट्यामागे तिने नोकरी करून घर सांभाळलं होतं, आणि कवळीशी कधी वाकडा शब्द बोलली नव्हती.

"भाऊजी, ह्यांचं ते शेवटचं वाजवणं इथेच झालं ना?" ती म्हणाली. "आजारपणात मी त्यांना तेच सांगायचे. शेवटचं तरी मनासारखं झालं तुमचं, असं."

"काय म्हणायचा तो?"

"काही नाही. नुसते हसायचे." तिने पर्स चाचपली, मग हात काढून घेतला. "एक विचारायचं होतं. त्यांच्या गिटारच्या पेटीत काळ्या टेपचा एक तुकडा होता. जपून ठेवलेला, एक कोपरा दुमडलेला. कशाचा हो तो? परवा पाहिलं तर पेटीत नाही, म्हणून आठवलं."

काढायला सोपं जावं म्हणून टेपचा कोपरा दुमडायची सवय कवळीची होती. धाकट्याला माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी, त्याच दिवशी, त्याला कळलं होतं. आणि तो काही न बोलता गेला होता.

सांगायची हीच वेळ होती. भावजय समोर उभी होती, पडदा अजून बंद होता. शब्द कवळीच्या ओठांवर आले.

"वायरी बांधायला लागते टेप," तो म्हणाला.

"अस्सं," ती म्हणाली आणि खुर्चीवर जाऊन बसली.

त्याने अँप सुरू केला. बटण वर, दिवा हिरवा. त्याने दोनदा पाहिलं.

पडदा उघडला. ढोल्याने काठ्या आपटून चार मोजले आणि कवळीने तारांवर हात मारला. आयुष्यात वाजवलं नव्हतं असं त्याने वाजवलं. एकही ठोका चुकला नाही. पाठीमागून जाड, गरम आवाज अंगावर येत होता.

दुसऱ्या गाण्यात मात्र त्याच्या लक्षात आलं. त्याचा हात चौथ्या ठोक्यावर वेळेत पडत होता.

आवाज उशिरा येत होता.

त्याने तारा दाबून हात उचलला. आवाज चालूच राहिला.

समोर लोक माना हलवत होते. भावजय तोंडावर पदर धरून रडत होती. तो पुन्हा वाजवू लागला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. शेवटच्या गाण्यापर्यंत तो जीव तोडून, अचूक वाजवत राहिला.

टाळ्या पडल्या. भावजय वर आली, डोळे पुसत.

"भाऊजी, अगदी ह्यांचाच हात. कसं जमवलंत?"

त्याने गिटारचा पट्टा खांद्यावरून काढला. ती गेल्यावर तो वळला आणि अँपपाशी वाकला.

बटण खाली होतं, स्टँडबायवर. दिव्यावर काळ्या टेपचा तुकडा होता, नीट दाबून बसवलेला, एक कोपरा दुमडलेला. त्याने नखाने तो सोलला. टेप जुनी होती, मागचा डिंक वाळून पिवळा पडला होता. खाली लाल दिवा जळत होता.

ढोल्या शेजारीच होता. तो वायर गुंडाळत होता.

"माझा आवाज आला ना नीट?" कवळीने विचारलं.

ढोल्याने मान वर केली नाही.

"एक नंबर वाजवलंस," तो म्हणाला.