तुरी बडवणारा गडी

उदगीरच्या शरणम्माला अक्षर येत नव्हतं, पण एकदा पाहिलेलं ती विसरत नसे. चाळीस वर्षांमागच्या लग्नात कोण कुठल्या पंगतीला बसलं होतं, ते ती आजही सांगते. म्हणून तर ही गोष्ट तिच्याच ध्यानात आली.

तिची नात दामिनी बेसबॉल खेळायची. जिल्ह्याच्या संघातून दोनदा गळाली होती. बाप राजशेखरनं सांगून टाकलं होतं, "ही शेवटची खेप. न्हाई झालं तर बॅट माळ्यावर, अन् तू शिवणक्लासला." निवड दुसऱ्या दिवशी, लातूरला.

त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. खिडकी लावून पोरगी मोबाइलवर शंभर वर्षांमागचा खेळ बघत बसली. त्याला ना रंग, ना आवाज. राखेतून चालल्यासारखी माणसं. शरणम्मा कुंकवाचा करंडा घेऊन शेजारी टेकली. नव्या वस्तूला कुंकू लावल्याबिगर ती उंबरा ओलांडू देत नसे, मग ती मोटारसायकल असो की खलबत्ता. दामिनीच्या नव्या चेंडूवर तिनं ठसठशीत बोट टेकवलं.

"आज्जी, ह्याचे हात बघ. दोन्हींच्या मधी वीतभर जागा. जुन्या काळी बॅट अशी धरायचे."

"त्यात काय नवल? तुरी बडवून राहिलाय तो." शरणम्मानं मान पुढं केली. "पर पाय आधी टाकतोय बघ येडा. काठी मागं जाऊ दे रे आधी."

मिशाळ गडी चुकला. चेंडू मागं गेला. दामिनीनं तोच व्हिडिओ पुन्हा लावला.

या वेळी त्यानं पाय उशिरा टाकला.

"ऐकलं बाई माझं," शरणम्मा खुदकन हसली.

"तोच व्हिडिओ हाय आज्जी. बदलत नसतोय."

"मघाशी टोपी डाव्या कानावर होती, आता उजव्या. कुंपणाला सात माणसं होती. मोज."

दामिनीनं मोजली. सहा होती.

तिसऱ्यांदा लावला, तेव्हा चेंडू बॅटीवर बसला. टक्. खोलीत ओल्या गवताचा वास आला... भर वैशाखात.

"आज्जी... आवाज बंद हाय."

"ठावं हाय. गप बघ."

गडी वळला. त्यांच्याकडं तोंड करून त्यानं हात सावकाश लांब केले, एक खाली, एक वर. मंद पोराला पाटीवर अक्षर शिकवावं तसे. दामिनी उठली, कोपऱ्यातली बॅट घेतली आणि तसेच हात धरले.

शरणम्माचा जीव हलला. "शंभर वर्षं उभा हाय, कुणी पाणी तरी इचारलं का ह्याला?" तिनं मोबाइलपुढं तांब्या ठेवला. मग हात जोडले. "बाबा, पोरीचं काम कर. मागशील ते देईन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दामिनी नाचतच घरात आली. पाच चेंडू हुकले होते. निवड करणारे साहेबराव सर म्हणाले होते, "दामिनी, ही बॅट हाय का धुण्याचं बडवणं?" त्यांचे चेंडू संपले, म्हणून सहावा तिच्याच पिशवीतला नवा काढला. तिनं हात लांब केले, पाय थांबवला... अन् चेंडू आभाळात गेला तो गेलाच. मैदान उघडंबोडकं, झुडूपसुद्धा नाही. तासभर शोधला, सापडला नाही. पण नाव यादीत लागलं.

राजशेखरनं गल्लीभर जिलेबी वाटली. पोरीची बॅट स्वतः पुसून दिली.

"त्या बाबाला बी दाखव जिलेबी," म्हणत शरणम्मानं व्हिडिओ लावायला लावला.

गडी उभाच होता. त्याच्या उजव्या हातात चेंडू. त्या राखेच्या चित्रात चेंडूवर एकच रंग होता. लाल. बोटाएवढा.

"फिटला नवस," शरणम्मा म्हणाली. "चेंडूच पायजे होता लेकराला."

"मग आज्जी... दुसरा हात कशाला पुढं करून राहिलाय?"

शरणम्मानं बघितलं. मोठा, रिकामा पंजा, काचेला आतून टेकलेला. तिनं मोबाइल पालथा घातला, वर जिलेबीची ताटली ठेवली.

जरा वेळ काहीच नाही. मग ताटली हलली.

टक्... टक्...