मोबाईलवाल्याचं 'नको'

पालकसभेत हशा पिकला आणि शर्मिलाने चमकून मागे पाहिलं.

मुलांना शाळेत मोबाईल आणू द्यावा का, एवढाच तर विषय होता. आरोंद्याच्या शाळेत नुकतीच विज्ञान शिकवायला आलेली शर्मिला हौसेने सांगत होती, "फक्त माझ्या तासाला आणू द्या. खाडीकाठचे पक्षी, मासे... मुलं फोटो काढतील, माहिती शोधतील." तोच मागच्या बाकावरून कुणीतरी उठून म्हणालं, "नको!"

म्हणाला होता धनेश. बाजारात मोबाईलचं दुकान असलेला धनेश!

"अरे, मगे तुझो धंदो कसो चलात?" कुणीतरी ओरडलं. तो नुसता हसला. गालाला खळी पडली... शर्मिलाने ती जरा जास्तच नीट पाहिली. निर्णय पुढच्या सभेवर गेला, पण ते 'नको' तिच्या डोक्यातून जाईना. का म्हणाला असेल असं?

शेवटी एका संध्याकाळी, भुरभुरत्या पावसात, ती त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिली.

"बाईनु, तुमी? काय होया?"

"कव्हर दाखवा."

त्याने कव्हरं पुढे मांडली. तिने एकही धड पाहिलं नाही.

"मोबाईल विकता आणि शाळेत नको म्हणता. कित्याक?"

"तुमी मालवणी बोलतास?"

"फोंडाघाटची आसंय मी. विषय बदलू नका."

तो कव्हरं आवरत राहिला. मग हळूच म्हणाला, "माझी भाची सावनी तुमच्याच वर्गात आसा. पयली शाळेतसून येताना सगळा सांगी... कोण भांडला, कोण पडला. आता गाडयेर मागे बसल्याबरोबर माझो फोन घेता, मान वर करणा नाय. शाळेत तरी ती माणसांशी बोलता, बाईनु. ताही गेला तर?"

 

"शनिवारी मुलांका खाडीर नेतंय. तुमी येवा," ती म्हणाली. "डोळ्यांनी बघा, मगे बोला."

"आणि दुकान?"

"एक सकाळ बंद ठेवलात तर गाव बुडणार नाही."

मुख्याध्यापक सत्यवान सरांनी एका दिवसापुरती परवानगी दिली. प्रत्येक गटाला एकच फोन. धनेश आला, पँट दुमडून लांब उभा राहिला. सुरुवातीला त्याला भीती होती तेच झालं. सगळी डोकी पडद्यात!

इतक्यात चिखलातून निवटीचा एक मासा टुणकन उडाला.

"मामा!" सावनी किंचाळली. हातातला फोन तिने मैत्रिणीकडे कोंबला आणि धावत येऊन त्याला ओढलं. "हयसर ये! ह्यो मासो चालता, मामा! कातडेतसून श्वास घेता, बाईंनी सांगलानी..."

ती बोलतच राहिली. धनेश चिखलात उकिडवा बसून ऐकत राहिला. "मगे?" तो विचारायचा. "मगे काय?" त्याचा आवाज ओला झालेला कळला, तशी शर्मिलाने नजर खाडीकडे वळवली.

पुढच्या सभेत तो आपणहून उठला. "विज्ञानाच्या तासापुरतो द्या. तास संपलो की फोन कपाटात." ठराव झाला.

बाहेर पाऊस लागला होता. ओसरीवर दोघंच उरले.

"मत बदललात?" तिने विचारलं.

"फोनाबद्दल... थोडा." त्याचे कान लाल झाले. "तुमचो नंबर मेळात काय?"

"पालकांच्या ग्रुपवर आसा ना!"

"तो बाईंचो. माका... शर्मिलाचो होयो."

ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "देतंय. पण एक अट. बोलूचा आसात तर फोन करूचो नाय. समोर येवचा."

"कधी येव?"

"छत्री आसा तुझ्याकडे?" 'तुमच्या'चं 'तुझ्या' कधी झालं, तिचं तिलाही कळलं नाही. त्याला मात्र कळलं.

"नाय."

"मगे... आताच ये," ती म्हणाली, आणि आपली छत्री उघडून तिने त्याच्याकडे कलती धरली.