खेचराचा वाफा

"बाई, लवकर या. वाफा उपटून नेलाय. आणि चोर आमच्याच माणसांतला आहे!"

फोनवर आप्पा रडत होते की ओरडत होते, फौजदारबाईंना कळेना. त्या पोचल्या तेव्हा आप्पांच्या काचघराच्या कोपऱ्यात नुसती उकरलेली माती होती. पेपरमिंटचं एक पान शिल्लक नव्हतं. कुलूप शाबूत. किल्ल्या दोनच: एक आप्पांच्या उशाशी खुंटीवर, दुसरी माळीकाकांच्या कमरेला.

मग काय, आप्पांनी बोट दाखवूनही झालं होतं. तीस वर्षं त्या मातीत राबलेले माळीकाका पायरीवर मान खाली घालून बसले होते.

"काका, वाफा लावला कोणी?"

"मीच. आप्पांनी मुळी असलेली एक काडी दिली होती. तिचाच हा सगळा पसारा. आप्पा त्याला खेचर म्हणायचे." काकांना तशातही जरा हसू आलं. "दरसाल जांभळी फुलं येतात. पण नुसता थाट."

"तुम्ही नेलात?"

"बाई, स्वतःचं लेकरू कोणी पळवतं का?"

बाईंना पटलं. पण पटून भागत नाही. पुरावा मिळाला नाही, तर या माणसाला चोर म्हणून गाडीत बसवावं लागणार होतं. आप्पांनी बरणीत सुकवून ठेवलेलं याच वाफ्यातलं एक पान त्यांनी चघळलं. आधी तिखट, मग जीभ गार.

आप्पांचा मुलगा मागच्या गल्लीत रोपं विकायचा. गच्चीवर चाळीस कुंड्या ओळीनं मांडलेल्या. बाईंनी तिथलंही पान चघळलं. तोच गारवा.

"पेपरमिंट?"

"अस्सल. साधा पुदिना इतका गार लागत नाही."

"आणलंत कुठून?"

"बी पेरलं, चार महिन्यांपूर्वी. एकेक रोप या हातांनी वाढवलंय." त्यानं बियांचं पाकीटही काढून दाखवलं.

"वडील याला खेचर का म्हणतात?"

"हट्टी आहे म्हणून. कुठंही घुसतं. त्यांना मीही खेचरच वाटतो!"

अर्ध्या तासात तो कुंडीसकट आप्पांसमोर उभा होता.

"घोडी आणि गाढवाचं पिल्लू म्हणजे खेचर," बाई म्हणाल्या. "त्याला पुढं पिल्लू होत नाही. पेपरमिंटचं तेच. पाणथळीतला पुदिना आणि टोकदार पानांचा साधा पुदिना, या दोघांचा हा संकर. फुलं येतात, पण रुजेल असं बी धरत नाही. काका 'नुसता थाट' म्हणाले ते हेच. हे वाढतं ते मुळीच्या तुकड्यावर. मग तुमचं बियांपासून आलं कसं?"

त्यांनी कुंडी पालथी केली. आत जुनी करडी मुळी. कापलेलं टोक अजून पांढरं होतं.

"किल्ली खुंटीवरची घेतलीत. वडील झोपलेले असताना."

मुलगा उसळला. "दहा वर्षं एक काडी मागत होतो! माळ्याला दिलीत, मला नाही."

आप्पांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. ते पायरीवर माळीकाकांपाशी आले.

"चुकलं माझं, गड्या. वाफा पुन्हा लाव."

काकांनी लावला. चाळीसच्या चाळीस कुंड्या रिकाम्या करून एकेक मुळी मातीत निजवली, पाणी घातलं, हात धुतले. मग कमरेची किल्ली सोडून आप्पांच्या हातात दिली.

"एक काडी जगली तरी पुरे, आप्पा. वाफा भरेल," ते म्हणाले. "पाणी सकाळी घाला. मी उद्यापासून येणार नाही."