मरळीचं मुंडकं

आमच्या सावली गावाची एसटी गडचिरोलीच्या स्टँडवर थांबली, मी खाली उतरली अन् पाण्याच्या गंजातली मरळ मासोळी उडी मारून थेट एका पोराच्या पायावर पडली.

"धरा ना, पाहून काय राह्यले?"

त्यानं धरली बापा... दोन्ही हातांनी, रांगतं लेकरू उचलावं तशी. शर्ट ओलाचिंब, तरी हसून राह्यला.

"विकाची आहे का?"

"नाई, शहर दाखवाले आणली," मी म्हटलं.

तो हेमराज. गोव्याच्या हॉटेलात गोऱ्या लोकांचा स्वयंपाक शिकून आलेला. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत त्यानं छोटंसं हॉटेल टाकलं होतं. थाळी नाई, भजे नाई. नागपूरहून काही आणाचं नाई हा त्याचा हट्ट. बाजारात जे आलं ते खडूनं पाटीवर लिहाचं अन् तेच रांधाचं. पावसाळ्यात सात्याचं, म्हणजे रानातल्या अळंबीचं सूप, हिवाळ्यात वाटाण्याचा पास्ता, अन् आता आमच्या तलावातली मरळ, लोण्यात भाजून.

मंग मी दर बाजाराले मासे घेऊन जाऊ लागली. वेणी दोनदा घालत होती, आई पाहत होती.

"भाऊ, हे पांढरं काय ओतलं?"

"सॉस. अन् मले भाऊ नको म्हणू."

"मंग काय म्हणू?"

"विचार कर ना... घाई नाई." चमचा माझ्या हातात देताना त्याची बोटं थांबली. परतताना वैनगंगेचा पूल कधी गेला, मले समजलंच नाई.

मोहाची फुलं टपकू लागली तोवर गोष्ट बाबाच्या कानावर गेली. माझा बाबा उमाजी, तलावावरचा जुना मासेमार, बोलते कमी.

"त्याच्या हातचं खाऊन पाहतो," बाबा म्हणे. "माणूस पटला तर बोलणी करू. नाई पटला तर मासाही बंद, साधना, अन् तुझं जाणंही बंद."

 बाबा आला त्या दिवशी हेमराजनं पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आज मरळ'. बाबापुढं बशी ठेवली तर काय वास सुटला होता! पांढराशुभ्र तुकडा, एक काटा नाई, वर लसणाची पात.

बाबानं बशी फिरवून पाहिली. "मुंडकं कुठी आहे?"

"सूपच्या भांड्यात टाकलं, काकाजी. पाहुण्याले काट्यांचा तरास नको."

बाबा उठला. दुपट्टा खांद्यावर टाकून दाराकडं निघाला. आमच्या घरी मुंडकं मानाच्या माणसाले वाढतात, अन् जावई घरात असला तर त्याले. बिनमुंडक्याचा मासा पुढं ठेवणं म्हणजे तुमाले मोजतच नाई असं सांगणं. हेमराजच्या घरी मासा कधी शिजलाच नाई, त्याले काय माहीत? मी घाईघाईनं त्याच्या कानात सांगितलं.

तो पळत आत गेला, भांड्यातून मुंडकं काढलं, बशीत ठेवलं अन् दारात बाबापुढं उभा राह्यला.

"चुकलो, काकाजी. मले कोणी शिकवलं नाई. तुमी शिकवा."

बाबा त्याच्या तोंडाकडं पाहत राह्यला. मंग परत येऊन बसला. आधी तुकडा खाल्ला... सावकाश, सगळा.

"चव आहे," म्हणे.

मुंडक्याले त्यानं हात लावला नाई. माझ्याकडं पाहिलं. मी बशी उचलली अन् हेमराजपुढं ठेवली.

"मले काऊन?" तो म्हणे. "मान तर काकाजीचा ना?"

"जावई असला तर त्याचा," मी म्हटलं. "भाऊ नाई म्हणत आता... झाला माझा विचार करून."

त्याचे कान लाल झाले. तो मुंडक्याकडं पाहे, माझ्याकडं पाहे, अन् खावं कसं ते त्याले सुचेना.

बाबानं खुर्ची त्याच्याजवळ सरकवली.

"शिकवा म्हणत होता ना? इथून फोड. गालाजवळचं मांस सगळ्यात गोड असते."