आत्याची निळी कपबशी

शंभरातल्या चौऱ्याण्णव माणसांना एखादी गोष्ट नीट ठाऊक आहे. तरीही ती ठाऊकच नसल्यासारखं गाव वागतं. असं कसं होईल? यंदाच्या दिवाळीत हे कोडं आमच्या घरात एका यंत्रमानवानं घातलं.

त्याचं नाव विचारू. माझे आजोबा साथरोगशास्त्रज्ञ (आजार माणसांत कसे पसरतात याचा अभ्यास करणारे) आहेत, त्यांनीच त्याला बनवलं. दारोदार जाऊन तो आधी "विचारू का?" म्हणतो, म्हणून हे नाव. गावाला एचआयव्हीबद्दल किती कळतं, याची तो पाहणी करत होता.

माझं लक्ष मात्र शैलाआत्याकडे होतं. तीन वर्षं ती घरी आली नव्हती. फोनच्या पडद्यावर रोज दिसायची, पण पडदा काही केसांना तेल लावून देत नाही. मला तिची इतकी आठवण यायची की रडू फुटायचं. भाऊबीजेला ये म्हटलं, की म्हणायची, "बघू गं, नीरू."

"आजोबा, एचआयव्ही कसा पसरतो हे चौऱ्याण्णव जणांनी अचूक सांगितलं," विचारू म्हणाला. "पण तपासणी केली फक्त एकतीस जणांनी. गणित जुळत नाही."

आत्याला एचआयव्ही आहे, हे तिनंच मला सांगितलं होतं. पण तो नक्की काय असतो, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. ते मी आता विचारलं.

आजोबा म्हणाले, "तो एक विषाणू (नुसत्या डोळ्यांना न दिसणारा रोगजंतू). आजाराशी लढायची आपली ताकद तो पोखरतो. मोठ्या माणसांनी निरोध (संरक्षणासाठीचं पातळ रबरी आवरण) न वापरता शरीरसंबंध ठेवला, तर तो जाऊ शकतो. बाधित रक्तातून, दुसऱ्यानं वापरलेल्या सुईतून किंवा आईकडून बाळाला जाऊ शकतो. मिठीतून, उष्ट्यातून नाही. आणि रोज नियमानं गोळ्या घेतल्या, तर तो इतका दबतो की तपासणीत सापडत नाही. मग शरीरसंबंधातूनही पसरत नाही."

"एवढं कळतं, तर लोक तसं वागत का नाहीत?"

"कळणं डोक्यात असतं, बाळा. वागताना लाज आणि भीती आडवी येते. कोणी पाहिलं तर? किंवा मला कशाला काय होतंय? म्हणून माहिती आणि वागणूक वेगवेगळी मोजावी लागते."

"विचारू का?" यंत्रमानव माझ्याकडे वळला. "एचआयव्ही असलेल्या माणसाला तुमच्या घरी वेगळं वागवतात का?"

"छे! उलट मान देतो," मी तोऱ्यात म्हणाले. "आत्याची निळी कपबशी वरच्या फळीवर वेगळी असते. इतर कुणाला तिच्यातून चहा मिळत नाही. दर रविवारी मीच पुसते ती."

आजोबांचा चेहरा उतरला.

"तो मान नव्हे गं," ते म्हणाले. "शैलाचा आजार कळला, त्याच आठवड्यात ती कपबशी मी वेगळी काढली. सगळं ठाऊक असून. तिनं एकदाच विचारलं, 'बाबा, तुम्हीसुद्धा?' मी मान खाली घातली. त्यानंतर ती आलीच नाही."

मला आजोबांचा भयंकर राग आला. जी कपबशी मी इतकी जपत होते, तिनंच माझ्या आत्याला लांब ठेवलं होतं.

आजोबा उठले. निळी कपबशी काढून त्यांनी तिच्यात चहा ओतला आणि आत्याला फोन लावला. पडद्यावर आत्या आली. आजोबांनी तिच्यासमोर घोट घेतला. "शैला, चुकलो मी," ते म्हणाले.

आत्यानं डोळे पुसले. मग म्हणाली, "साखर घातलीत ना? डॉक्टरांनी बंद केलीय तुमची." आणि मला म्हणाली, "नीरू, तेल कोमट करून ठेव. येतेय मी."

विचारूच्या यादीत आता नवा प्रश्न आहे: तुमच्या घरात कोणाची कपबशी वेगळी आहे का? पुढच्या महिन्यात तो हा प्रश्न घेऊन शेजारच्या गावांत जाईल.

भाऊबीज परवा आहे. तेलाची बाटली मी आत्तापासूनच उन्हात ठेवली आहे. सकाळी निळी कपबशी शोधली, तर ती फळीवर नव्हती. दूधवाले काका ओट्यावर बसून तिच्यातून चहा पीत होते.